गाडी नावावर, नाव पत्त्यावर

अॅमस्टरडॅमला खेटून असलेल्या आम्स्टेलवेनमध्ये नवं मराठी कुटुंब राहायला आलं, की जुने रहिवासी विचारतात, “बीएसएन आला का?” पुण्यात ‘जेवण झालं का’ विचारावं तितक्या सहज. बीएसएन म्हणजे नेदरलँड्समधला नऊ आकडी नागरिक सेवा क्रमांक. तो नसेल तर बँक खातं उघडताना अडतं, आरोग्यविमा अडतो आणि पगारातून ‘अनामिक’ दराने, म्हणजे ५२ टक्के, कर कापला जाऊ शकतो. पहिल्या महिन्याची पगारचिठ्ठी पाहून ज्यांच्या पोटात गोळा आला आहे, त्यांना हा आकडा वेगळा सांगायला नको.

हा क्रमांक नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव चढलं की मिळतो. नोंदवहीचं संक्षिप्त नाव बीआरपी. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर देशात आल्यापासून पाच दिवसांत नोंदणी करायची, असा नियम आहे. नोंदणीसाठी पत्ता हवा. म्हणजे घर हवं, भाडेकरार हवा, आणि त्या घरात नोंदणी करायला मालकाची ना नसावी. काही घरमालक भाडं घ्यायला तयार असतात, नोंदणीला मात्र नसतात. असं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. या देशात पत्त्याशिवाय माणूस उभाच राहत नाही, आणि पुढे वीजगाडी घ्यायची म्हटली तर ती उभी करायलासुद्धा पत्ताच कामी येतो.

नोंदणीला जाताना जन्मदाखला लागतो, आणि त्याची तयारी महाराष्ट्रातूनच करून निघावं लागतं. दाखल्यावर आधी राज्य सरकारची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. भारत २००५ साली अपॉस्टिल करारात सामील झाला, त्यामुळे वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज उरलेली नाही. खरी अडचण आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांची असते. जन्माची नोंद झाली तेव्हा बाळाचं बारसं झालेलं नसे, म्हणून नावाची जागा कोरी. आईवडिलांची नावं, तारीख, रुग्णालय सगळं जागच्या जागी; ज्याचा जन्म झाला तोच गायब. डच कारकुनाला हे समजावत बसण्यापेक्षा गावच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव आधीच चढवून घेतलेलं बरं.

एकदा नोंद झाली की पोस्टमन घरी येऊ लागतो. भारतात ओटीपी मोबाईलवर येतो आणि दहा मिनिटांत मरतो. इथे सरकारी संकेतस्थळांवर शिरण्यासाठी डिजीडी नावाचं जे खातं लागतं, त्याचा सक्रिय करण्याचा कोड कागदी पत्रातून घरी येतो. नगरपालिका पत्र पाठवते, विमा कंपनी पत्र पाठवते, करखातं निळ्या पाकिटात पत्र पाठवतं. ते निळं पाकीट इतकं रुजलेलं आहे की २०१५ नंतर सरकारने ते बंद करून सगळं संगणकावर न्यायचं ठरवलं, तर लोकांनीच ओरड केली आणि बेत लांबणीवर पडला. दारावर ‘जाहिराती नकोत’ असं सांगणारा स्टिकर चिकटवला तरी नावाचं पत्र येतंच. नवखी माणसं डच मजकूर पाहून पाकीट जाहिरातीच्या गठ्ठ्यात टाकतात. असं पाकीट फेकल्यावर काय होतं, ते पुढे गाडीच्या निमित्ताने कळेलच.

गाडीच्या आधी परवाना. भारतीय परवान्यावर इथे नोंदणीपासून १८५ दिवस गाडी चालवता येते. नंतर तो निव्वळ आठवण म्हणून पाकिटात राहतो. आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना असला तरी मुदत वाढत नाही. मग लेखी आणि प्रत्यक्ष, अशा दोन्ही परीक्षा. प्रत्यक्ष परीक्षेत वीसेक वर्षं मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कोळून प्यायलेली माणसंही नापास होतात, कारण उजवीकडे वळताना खांद्यावरून मागे बघून सायकलवाला येतोय का ते पाहायचं राहून जातं. या परीक्षेतून सुटका करणारी एक वाट मात्र कायद्यातच आहे. परदेशातून बोलावलेल्या कुशल कर्मचाऱ्याला पगाराचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त देण्याची सवलत जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते (२०२७पासून हा आकडा २७ टक्के होणार आहे). ही सवलत ज्याला मंजूर झाली, त्याला आणि त्याच्या घरातल्या जोडीदाराला भारतीय परवाना परीक्षेविना डच परवान्यात बदलून मिळतो. कर आणि गाडी चालवण्याचं कौशल्य यांचा संबंध काय, असं विचारू नका, संबंध नाही. पण सवलतीचा निर्णय ज्या पत्राने कळतो, ते पत्र लाखमोलाचं. त्यासोबत आरोग्यविषयक घोषणापत्र भरावं लागतं आणि मूळ भारतीय परवाना जमा करावा लागतो. सुट्टीत गावी गाडी चालवायची असेल तर त्याचा विचार आधी करा.

आता गाडी. २०२४ साली नेदरलँड्समध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी साधारण तिसरा हिस्सा निव्वळ विजेवर चालणारा होता. भारतात वीजगाडीची पाटी हिरवी असते, दुरून ओळखू येते. इथे सगळ्यांच्या पाट्या पिवळ्या, विजेची असो की डिझेलची. आणि एक मोठा फरक असा, की नंबर गाडीचा असतो आणि गाडी भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. मालक बदलला, प्रांत बदलला, तरी पाटी तीच. त्यामुळे नंबर हीच गाडीची जन्मपत्रिका. जुनी गाडी बघायला जाण्याआधी वाहन नोंदणी खात्याच्या, म्हणजे आरडीडब्ल्यूच्या, संकेतस्थळावर नंबर टाकायचा. पहिली नोंदणी कधीची, सध्याच्या मालकाच्या नावावर कधी लागली, तपासणीची मुदत कधी संपते, नवी असताना किंमत किती होती, आज विमा आहे का, किलोमीटरचा काटा ‘तर्काला धरून’ आहे की नाही, सगळं फुकट दिसतं. मालकाचं नाव तेवढं दिसत नाही. आणि वीजगाडीच्या बाबतीत नेमकी महागडी गोष्टही दिसत नाही: बॅटरीत किती दम उरलाय, ते. त्याचा अहवाल विक्रेत्याकडून वेगळा मागून घ्यावा, आणि तो द्यायला जो का-कू करतो त्याची गाडी तिथेच सोडून यावं.

व्यवहार ठरला की गाडी नावावर करायची. याला डच शब्द आहे ‘तेनामस्टेलिंग’. त्यातलं ‘नाम’ हे आपल्या ‘नाम’चंच दूरचं भावंड आहे, दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेले. हे काम मान्यताप्राप्त विक्रेत्याच्या दुकानात होतं, किंवा ठराविक पोस्ट-काउंटरवर. डच परवाना असेल तर तो दाखवला की झालं. तो अजून मिळाला नसेल तर ओळखपत्राच्या जोडीला नगरपालिकेकडून रहिवासी नोंदीचा उतारा आणायचा, तोही तीन महिन्यांच्या आतला. ‘उतारा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सातबाराचा उतारा काढायला तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला हा कागद पाहिल्याबरोबर ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की तो डिजीडीने घरबसल्या मागवता येतो आणि ठरलेली फी भरली की पोस्टाने येतो.

नाव लागलं की एटीएम कार्डाएवढं एक कार्ड घरी येतं. २०१४पूर्वी कागदी प्रमाणपत्रं होती, त्यांची जागा या कार्डाने घेतली. कार्डावर गाडीचा नंबर, मालकाचं नाव आणि पत्ता, आत एक चिप. पण खरी किल्ली कार्डात नसते. ती नऊ आकड्यांच्या एका कोडमध्ये असते, आणि तो कोड मुद्दाम दोन तुकड्यांत दिला जातो: एक तुकडा नाव लावताना हातात, दुसरा पोस्टाने घरी. गाडी पुढे विकायची असेल तर पूर्ण कोड लागतो. दोन वाटांनी दोन तुकडे पाठवायचे, म्हणजे कार्ड चोरलं तरी चोराला गाडी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पद्धत साधी आणि हुशार आहे. पण माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने दुसऱ्या तुकड्याचं पाकीट जाहिरात समजून कागदाच्या डब्यात टाकलं. तीन वर्षांनी भारतात परत निघताना, विमानाच्या तारखेच्या आठवडाभर आधी, ग्राहक दारात उभा आणि कोड अर्धाच. नवा कोड मागवता येतो, पण तोही पोस्टानेच येतो. त्यांनी गाडी शेवटी कमी भावात विक्रेत्याच्या गळ्यात घातली. म्हणून कोडचे दोन्ही तुकडे मिळाल्याबरोबर एका फाइलीत लावा, आणि ती फाइल गाडीत ठेवू नका.

नाव लागण्याचा अर्थ आपल्याकडच्यापेक्षा इथे जड आहे. ज्या दिवशी गाडी नावावर लागली, त्या दिवसापासून रस्ता कर सुरू, विमा सक्तीचा, तपासणीची जबाबदारी तुमची. गाडी हलवली की नाही याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. चौकात शिट्टी मारून अडवणारा हवालदारही लागत नाही, कारण वाहन खात्याचा संगणक वेगवेगळ्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहतो. विमा नाही, मुदत उलटून तपासणी नाही, असं आढळलं की दंडाचं पत्र सरळ घरी. गाडी त्या वेळी बंद गॅरेजात झोपलेली असली तरी. दोन महिने सुट्टीला गावी जाणाऱ्याला, किंवा गाडी बराच काळ उभी ठेवणाऱ्याला, यातून सुटायचं असेल तर ‘स्खोर्सिंग’ करावं लागतं, म्हणजे गाडी कागदोपत्री रजेवर पाठवायची. त्या काळात ती सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा राहू शकत नाही, त्यामुळे ज्यांना खासगी जागा आहे त्यांनाच ही सोय.

विम्यात नवागताला एक कडू घोट गिळावा लागतो. इथे अपघाताविना काढलेल्या वर्षांचा हिशोब माणसाच्या नावावर राहतो आणि त्यावर हप्ता ठरतो. भारतात पंधरा वर्षं एकही दावा केला नसला तरी इथे हिशोब शून्यापासून सुरू होतो. काही विमा कंपन्या परदेशी कंपनीचं लेखी प्रमाणपत्र मान्य करतात, काही करत नाहीत. म्हणून निघण्याआधी आपल्या भारतीय कंपनीकडून ‘नो क्लेम’चं इंग्रजी पत्र घेऊन ठेवावं. कागद एक पानाचा, बचत वर्षानुवर्षांची.

रस्ता कराचं गणित वीजगाडीवाल्यांना गेल्या काही वर्षांत बरंच बदललेलं दिसलं. २०२४ संपेपर्यंत वीजगाडीला हा कर शून्य होता. २०२५ मध्ये पाव हिस्सा भरावा लागला, आणि २०२६पासून सवलत उतरून तीस टक्के राहिली. कर गाडीच्या वजनावर आणि तुम्ही कोणत्या प्रांतात राहता यावर ठरतो. आता बॅटरी ही वजनदार वस्तू. त्यामुळे त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा वीजगाडी दोन-तीनशे किलोंनी जड भरते, आणि सवलत जसजशी उतरते तसतसा तो जडपणा निळ्या पाकिटात उतरतो. खरेदीच्या अनुदानाचंही तेच झालं. २०२० साली नव्या वीजगाडीला चार हजार युरोंपासून सुरू झालेली ती योजना २०२४च्या शेवटी संपली. तिच्यात गाडी तीन वर्षं स्वतःकडे ठेवण्याची अट होती. दोन वर्षांच्या करारावर आलेल्या अभियंत्याला ती अट जाचायची. आता अनुदानही नाही आणि अटही नाही.

पेट्रोल गाडी घेणाऱ्याचा प्रवास इथे संपतो. वीजगाडीवाल्याचा पत्त्याशी असलेला खरा संबंध आता सुरू होतो.

स्वतःच्या घरापुढे गाडी लावायची जागा असेल तर प्रश्न सोपा: भिंतीवर चार्जर, फार तर वीजजोडणी एका फेजवरून तीन फेजवर नेण्याचा अर्ज. पण नव्याने आलेला माणूस बहुधा फ्लॅटमध्ये राहतो, भाड्याने राहतो, आणि गाडी रस्त्यावर लावतो. अशांसाठी डच नगरपालिकांनी एक वाट काढली आहे, जी पाहून आपल्याकडच्या माणसाचा विश्वासच बसत नाही. ज्याच्याकडे स्वतःची जागा नाही आणि वीजगाडी आहे, तो आपल्या गल्लीत सार्वजनिक चार्जिंग खांब बसवण्याची मागणी करू शकतो. खांबाला डच शब्द ‘लाडपाल’. मराठी कानाला तो जरा जास्तच प्रेमळ वाटतो. अर्जाला पत्ता आणि गाडीच्या खरेदीचा किंवा लीजचा कागद जोडायचा. नगरपालिका बघते की जवळ, चालत जाण्याच्या अंतरावर, आधीच खांब आहे का, आणि तो किती वापरात आहे. नसेल तर जागा ठरते. मग रस्त्यावरच्या त्या एक-दोन जागा चार्जिंगसाठी राखण्याचा वाहतूक निर्णय जाहीर होतो, आणि शेजाऱ्यांना आक्षेप घ्यायला सहा आठवडे मिळतात. कुणी आक्षेप घेतला तर आणखी वेळ. वीज कंपनीची तार ओढायची वेळ वेगळी. म्हणजे गाडी दारात येऊन महिने उलटतात आणि खांब अजून यायचाच असतो. गाडी घेण्याआधी अर्ज करता येतो का, ते आपल्या नगरपालिकेला विचारून ठेवा. जिथे खरेदीचा करार चालतो तिथे गाडी हातात येण्याची वाट पाहायची गरज नसते.

एवढं करून उभा राहिलेला खांब तुमचा नसतो. तो सगळ्यांचा. रात्री साडेनऊला तुम्ही परत आलात आणि तिथे पलीकडच्या गल्लीतली गाडी लावलेली असेल, तर काही बोलता येत नाही. ती पूर्ण चार्ज झाल्यावरही तिथेच उभी असेल तर मात्र तिच्या मालकाला एक खास विशेषण आहे: खांबाला चिकटून बसणारा. डच भाषेत त्याच्यासाठी वेगळा शब्द तयार झालाय, आणि वसाहतीच्या व्हॉट्सअॅप गटात तो सर्रास वापरला जातो. चार्जिंगची केबल न लावता त्या जागेत गाडी उभी केली तर दंड आहे.

केबल तुमची तुम्ही आणायची. सार्वजनिक खांबाला केबल नसते, फक्त भोक असतं, त्याला टाइप टू म्हणतात. नवी गाडी घेताना ती केबल किमतीत आहे का, हे विचारणं लोक विसरतात. मग लागतं चार्जिंगचं कार्ड, आणि इथे सर्वांत जास्त लोक फसतात. तोच खांब, तीच वीज, पण दर तुमच्या कार्डावर अवलंबून. एका कार्डाने पस्तीस सेंट्समध्ये मिळणारं युनिट दुसऱ्या कार्डावर पन्नासच्या पुढे जाऊ शकतं. कार्ड बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं, म्हणून दोन-तीन कंपन्यांची कार्डं घेऊन खांबापुढे उभं राहिल्यावर अॅपमध्ये दर बघणारे शहाणे. महामार्गालगतच्या वेगवान चार्जरवर नियम वेगळा आहे. १३ एप्रिल २०२४ नंतर बसवलेल्या, ५० किलोवॅट आणि त्याहून जास्त ताकदीच्या चार्जरवर साध्या बँक कार्डाने पैसे घेणं युरोपीय नियमाने बंधनकारक आहे.

वेळेचा हिशोब असा. ६० किलोवॅट-तासांची बॅटरी वीस टक्क्यांवरून ऐंशीवर न्यायला ३६ युनिटं लागतात. ११ किलोवॅटच्या खांबावर साधारण सव्वातीन तास, घरातल्या साध्या प्लगवर जवळजवळ सोळा. म्हणूनच काही जण खिडकीतून केबल सोडून फूटपाथवरून गाडीपर्यंत नेतात. काही शहरांत त्यासाठी फूटपाथच्या फरशीत केबलपुरती खाच पाडून मिळते, काही शहरांत ते साफ मना आहे. फ्लॅटच्या तळघरात जागा असेल तर मालकांच्या संघटनेची बैठक गाठावी लागते. तिथे आगीची शंका, सामायिक वीजबिल, ‘आधी तज्ज्ञाचा अहवाल येऊ दे’ हे सगळं ऐकायला मिळतं. कोथरूडच्या सोसायटीची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना फक्त भाषा नवी वाटेल.

हे सगळं नको असेल तर कंपनीची लीजची गाडी हा मार्ग आहेच. तिथे नाव लीज कंपनीचं, रस्ता कर तिचा, तपासणी तिची. तुमच्या उत्पन्नात मात्र गाडीच्या किमतीचा काही हिस्सा दरवर्षी धरला जातो आणि त्यावर कर लागतो. स्वतःच्या नावाने लीज घ्यायला गेलात तर बहुतेक कंपन्या निवास परवान्याची मुदत बघतात. गाडीचा करार चार-पाच वर्षांचा, परवाना दोन वर्षांचा, म्हणून नकार. यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही, पण नकाराचं पत्र वाचताना हे सुचत नाही.

परत निघताना सगळं उलट्या क्रमाने करायचं. आधी गाडी, मग नगरपालिका. नगरपालिकेतून नाव काढलं की पत्ता गेला, आणि पत्ता गेला की कुठलंच पत्र येणार नाही. गाडी विकताना ती तुमच्या नावावरून उतरली याचा एक कागद जागच्या जागी मिळतो. तो हातात येईपर्यंत किल्ली देऊ नका. पुढच्या मालकाने केलेला वेगाचा दंड तुमच्या नावाने निघाला, तर हा एकच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो. विमा, पार्किंगचा परवाना आणि चार्जिंगची कार्डं वेगवेगळी बंद करावी लागतात. एक बंद केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. आणि तो विक्रीचा कागद कंटेनरमधून जाणाऱ्या सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा.